सायकलवरची तिसरी पाळी



समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पहिली पाळी उरकून, घरी जाऊन तोंडावर पाणी मारून आले आहेत. काही जण इथून उठून थेट तिसरीला जाणार आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचंही आयुष्य याच घड्याळावर गेलं. त्यामुळे दीर्घ पल्ल्याच्या सायकल शर्यतींवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा वाटलं, या विषयाला पिंपरी-चिंचवडइतकी योग्य जागा दुसरी नाही. मी कारखान्याच्या दवाखान्यात बसणारा डॉक्टर. सुटीच्या दिवशी सायकलवाल्यांच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी चौकीवर, स्वयंसेवक म्हणून बसतो. दोन्हीकडे मला एकच माणूस भेटतो. रात्र जागून शरीराकडून काम करून घेणारा माणूस. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

आधी या शर्यतींचा आवाका लक्षात घेऊ. १९८२ साली चार सायकलस्वार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, सांता मोनिकाहून, निघाले आणि त्यांनी न्यूयॉर्क गाठलं. लॉन हाल्डमन पहिला आला, दहा दिवसांच्या आत. त्यातूनच पुढे 'रेस अक्रॉस अमेरिका' उभी राहिली. अंतर साधारण ४,८०० किलोमीटर. एकट्या पुरुष स्पर्धकाला मुदत १२ दिवस. भागाकार करून पाहा, दिवसाला ४०० किलोमीटर पडतात. म्हणजे आज चिंचवडहून निघायचं आणि बेळगाव मागे टाकायचं. उद्या पुन्हा तेवढंच. परवा पुन्हा तेवढंच. असे बारा दिवस. मध्ये वाळवंट आहे, रॉकी पर्वतातला तीन हजार तीनशे मीटर उंचीचा वुल्फ क्रीक घाट आहे, कॅन्ससच्या सपाटीवर आडवं झोडपणारं वारं आहे. आणि घड्याळ थांबत नाही. झोपलात तरी ते चालूच असतं.

महाराष्ट्राचं या शर्यतीशी नातं जवळचं आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ साली लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत ती एकट्याने पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग, त्याच वर्षी, नागपूरचे डॉ. अमित समर्थ ११ दिवस २१ तासांनी पोहोचले. पुढच्याच वर्षी समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत पार केला. २०१९ साली नवी मुंबईचे कबीर राचुरे एकट्याने अमेरिका ओलांडून आले. आपल्या पुण्यातून गोव्याला जाणारी 'डेक्कन क्लिफहँगर' ही सुमारे ६४३ किलोमीटरची शर्यत तर अमेरिकेच्या शर्यतीची पात्रता फेरीच आहे.

ही नावं ऐकताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? महाजन बंधू डॉक्टर. गोकुळनाथ डॉक्टर. समर्थ डॉक्टर. हा योगायोग असेलही. पण मी त्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. आपण अशा माणसांचा सत्कार करतो तेव्हा भाषणात एकच शब्द घोळवतो, 'जिद्द'. जिद्द लागतेच, मी नाही म्हणत नाही. पण जिद्द तर शर्यत अर्धवट सोडणाऱ्याकडेही असते, काकणभर जास्तच असते. गोकुळनाथ २०१६ साली गेले तेव्हा शर्यत पूर्ण करू शकले नव्हते. वर्षभरात त्यांची जिद्द दुप्पट झाली आणि म्हणून २०१७ साली ते पोहोचले, असं मानायचं का? मला तसं वाटत नाही. शेवटपर्यंत जातो तो स्वतःच्या शरीराचा हिशोब खरा ठेवणारा. काय खाल्लं, किती प्यालो, किती झोपलो, कुठे दुखतंय, हे स्वतःशी खोटं न बोलता सांगणारा. माझं आजचं सगळं म्हणणं याच हिशोबाबद्दल आहे.

पहिला हिशोब पोटाचा. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर असते चारशे-पाचशे ग्रॅम. तिच्यातून मिळतात सुमारे दोन हजार कॅलरी. बेताने सायकल चालवणारा माणूस तासाला चारशे-पाचशे कॅलरी जाळतो. म्हणजे लोणावळ्याला जाऊन परत येईपर्यंत गल्ला रिकामा. चरबी भरपूर असते, सडपातळ माणसाकडेही दहा-बारा दिवस पुरेल इतकी. पण ती सावकाश जळते आणि चढावर उपयोगी पडत नाही. मग खात राहायचं. पण आतडं तासाला साठ, फार तर नव्वद ग्रॅमच साखर शोषतं. त्याहून जास्त ढकललं की पोट उलटतं. खर्च पाचशेचा आणि जमा तीनशेची, असा संसार बारा दिवस चालवायचा! म्हणून या शर्यतींत जाणकार लोक म्हणतात, पाय दमले म्हणून बाहेर पडणारे थोडे, पोट बिघडलं म्हणून बाहेर पडणारे फार.

आपल्याकडच्या सायकलवाल्यांनी यावर आपापले उपाय शोधले आहेत. खजूर, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेला बटाटा मीठ लावून, केळी, चिक्की, मऊ दहीभात. परदेशी जेलची पाकिटं पाचव्या-सहाव्या तासाला नकोशी होतात. दहीभात मात्र रात्री दोन वाजताही घशाखाली उतरतो. पाण्याचंही तसंच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. मग भोवतालचे म्हणतात, पाणी कमी पडलंय, अजून पाजा! असं करू नका. मीठ-साखर-पाणी द्या. फाउंड्रीत आणि फोर्जिंग शॉपमध्ये भट्टीसमोर काम करणाऱ्यांना हे मी शिकवायची गरज नाही. तुम्ही ते घाम गाळून शिकला आहात.

शरीराच्या बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. तळहाताच्या कडेची नस दबून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, महिना-महिना संवेदना येत नाही. सीटवर घासून जखमा होतात. आणि एक चमत्कारिक प्रकार, मानेचे स्नायूच संप पुकारतात. डोकं उचललं जात नाही, हनुवटी छातीला टेकते. पहिल्या शर्यतीतल्या चौघांपैकी मायकल शेरमर यांना पुढे हा त्रास झाला, म्हणून त्याला 'शेरमर्स नेक' म्हणतात. पाय ठणठणीत, फुप्फुसं ठणठणीत, पण समोरचा रस्ताच दिसत नाही. हेल्मेट दोऱ्यांनी पाठीशी बांधून मान वर ठेवत लोकांनी शर्यत पुरी केल्याचीही उदाहरणं आहेत.

आता दुसरा हिशोब, झोपेचा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरी शर्यत इथेच असते.

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते कंपनीच्या भोंग्याला विचारत नाही आणि आयोजकांच्या शिट्टीलाही विचारत नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. हात-पाय जड होतात, डोळ्यांवर झापड येते, बुद्धी मंदावते. तिसरी पाळी केलेल्या कुणालाही विचारा, रात्री बाराला काही वाटत नाही, एकलाही नाही, साडेतीनला मात्र मशिनसमोर उभ्या-उभ्या डुलकी लागते. या डुलकीचं वाईट हे की ती दोन-चार सेकंदांची असते आणि लागून गेल्याचं माणसाला कळतच नाही. ताशी तीस किलोमीटर वेगाने उतारावर असलेला सायकलस्वार चार सेकंदांत तेहतीस मीटर जातो. डोळे उघडे, रस्ता दिसत नाही, तेहतीस मीटर!

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना जागं ठेवलं आणि त्यांच्या हात-डोळ्यांचं काम मोजलं. दुसऱ्या वेळी त्याच माणसांना मोजून दारू पाजली आणि पुन्हा मोजलं. सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडला होता. चोवीस तासांनी तो ०.१० टक्क्याला पोहोचला. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे रात्र जागलेला माणूस दारूचा थेंब न घेताही कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट झिंगलेला असतो. नाक्यावरचा पोलीस तोंडाला यंत्र लावून दारू मोजू शकतो. जागरण मोजणारं यंत्र त्याच्याकडे नाही.

या झिंगेत काय काय दिसतं? स्लोव्हेनियाचा युरे रोबिच हा सैनिक. पाच वेळा अमेरिकेची शर्यत जिंकला. दिवसांमागून दिवस जवळजवळ न झोपता चालवायचा आणि घोड्यांवरून बंदूकधारी आपला पाठलाग करताहेत, असं त्याला वाटायचं. त्याची माणसं त्याला समजावत नसत. 'हो, येताहेत, जोरात चल,' म्हणत. २०१० साली, पाचव्या विजयानंतर तीनच महिन्यांनी, आपल्याच देशात सराव करताना उतारावर मोटारीशी टक्कर होऊन तो गेला. रोबिचच्या कथा फार रंगवून सांगितल्या जातात. मला त्या सांगताना अंगावर काटा येतो, आणि तो कौतुकाचा काटा नसतो.

तुम्हाला आपल्या जवळचं उदाहरण देतो. इकडे 'ब्रीव्हे', म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल फेऱ्या, होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका हंगामात चारही पूर्ण केल्या की 'एसआर', म्हणजे 'सुपर रँडोनर', म्हणवून घेता येतं. ही शर्यत नसते, क्रमांक नसतात. वेळेत पोहोचायचं एवढंच. अशाच एका ६०० च्या कंट्रोलवर, महामार्गालगतच्या ढाब्यासमोर, मी पहाटे बसलो होतो. एक तरुण आला. कार्डावर शिक्का घेतला, बाकावर बसला, चिक्कीचं पाकीट काढलं. ते फोडायला लागला. एका कोपऱ्याने ओढलं, फुटेना. पाकीट फिरवून दुसऱ्या कोपऱ्याने ओढलं. मग दातात धरलं. मग मांडीवर ठेवून नुसता त्याच्याकडे बघत राहिला. पाकिटावर फाडायच्या जागी खूण होती, त्याची नजर तिच्यावरून दोनदा गेली. हा मुलगा इंजिनियर होता, रोज मायक्रॉनमधली मापं तपासणारा. मी विचारलं, 'कधीपासून जागा आहेस?' तो म्हणाला, 'राइड सकाळी सहाला सुटली.' मी म्हटलं, 'राइडचं नाही विचारलं, तुझं विचारलं.' मग बोलला. आदल्या रात्री तिसरी करून तो थेट स्टार्टला आला होता. म्हणजे जवळजवळ दोन रात्री. मी त्याच्या हातातली सायकल काढून घेतली. अक्षरशः काढून घेतली. ढाब्यातल्या बाजेवर तो दीड तास झोपला, उठून दोन चहा प्यायला, आणि वेळेच्या आत पोहोचला. झोपला नसता तर पोहोचला असता का? मला त्याची खात्री वाटत नाही.

म्हणजे करायचं काय? ऑस्ट्रियाचा ख्रिस्तोफ स्ट्रासर सहा वेळा अमेरिकेची शर्यत जिंकला. २०१४ साली त्याने ती ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत संपवली. दिवसाला झोप साधारण तासभर. पण तो तास त्याच्या वेळापत्रकात आधीपासून लिहिलेला होता. झोप हा पराभव मानून तो झोपत नव्हता, खाण्यासारखी झोपही घेत होता. आपण इथे देहू आणि आळंदीच्या सावलीत राहतो. पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते तेव्हा सकाळचा विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, मुक्काम कुठे, हे ठरलेलं असतं. कुणी वारकरी म्हणत नाही की मी विसाव्याला थांबणार नाही, मी जास्त भक्त आहे. विसावा वाटेचाच भाग असतो. सायकलवाल्यांनी तेवढं घेतलं तरी पुष्कळ झालं.

तिसरी गोष्ट मनाची. मन आणि शरीर वेगळं काढता येतं का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दीड तास संगणकावर कंटाळवाणं, लक्ष एकवटायला लावणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी दीड तास नुसता माहितीपट पाहिला आणि मग चालवली. डोकं थकलेलं असताना ते जवळजवळ १५ टक्के लवकर थांबले. हृदय, फुप्फुसं, रक्तातली रसायनं, सगळं सारखंच. फरक इतकाच की तोच जोर लावताना त्यांना जास्त जड वाटत होतं. दिवसभर सीएमएमवर, म्हणजे मापं तपासणाऱ्या यंत्रावर, किंवा लाइनवर डोळे ताणून संध्याकाळी सायकलवर बसणाऱ्याला पाय 'लागत' नाहीत, तेव्हा तो स्वतःला आळशी म्हणतो. तो आळशी नाही. त्याचं डोकं आधीच पंचवीस किलोमीटर चालवून आलेलं असतं.

आणि मनाची खरी परीक्षा दुःखात असते, असं मला वाटत नाही. ती कंटाळ्यात असते. घाट चढताना माणूस एकाग्र असतो. पण सपाट रस्ता, समोरून वारा, तीनशे किलोमीटर उरलेले, आणि मनात एकच वाक्य: 'हे मी कशासाठी करतोय?' अनुभवी लोक त्या वाक्याला उत्तर देत बसत नाहीत. ते म्हणतात, पुढच्या टोलनाक्यापर्यंत जाऊ. तिथे खाऊ. मग बघू. पहाटे तीन ते पाच या वेळात शर्यत सोडायचा निर्णय घ्यायचा नाही, उजाडल्यावर घ्यायचा, असाही एक अलिखित नियम आहे. मी त्याला एक पुरवणी जोडतो. दम संपला असं वाटत असेल तर उजाडेपर्यंत थांबा. पण डोळे मिटत असतील, छातीत दुखत असेल, शब्द अडखळत असतील, तर उजाडायची वाट बघू नका. त्याच क्षणी उतरा.

२०२२ च्या जूनमध्ये पुण्याच्या प्रीती मस्के यांनी लेह ते मनाली हा ४३० किलोमीटरचा रस्ता एकटीने सायकलवर ५५ तास १३ मिनिटांत पार केला. वय ४५, दोन मुलांची आई. वाटेत टांगलांग ला आहे, पाच हजार तीनशे मीटरच्या वर. तिथे श्वास अपुरा पडला तेव्हा त्यांनी वाटेत दोनदा ऑक्सिजन घेतला. मला त्या विक्रमातला हाच भाग सर्वांत आवडतो. गरज ओळखली, मागितला, घेतला, पुढे गेल्या.

सोबतीविषयी थोडं बोलायला हवं. आपण एकट्याचा फोटो छापतो. पण एकट्या स्पर्धकाच्या मागे गाडी असते, तिच्यात आठ-दहा माणसं पाळ्या लावून जागत असतात. कुणी खाण्याची वही लिहितो, कुणी नकाशा बघतो, कुणी नुसता बोलत राहतो, कारण पहाटे बोलणं थांबलं की डोळे मिटतात. त्यांचं नाव निकालात येत नाही. आणि काही जण ही सोबतही नाकारतात. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी १४ देशांतून २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली, त्यातला बराचसा प्रवास एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकावर लुटलं गेलं, रशियाच्या बर्फात एकटीने तंबू ठोकला. तिच्या धाडसाला माझा मनापासून नमस्कार आहे. तुमच्या मुलीने असं काही मनात आणलं तर तिला अडवू नका. मात्र तिची झोपेची वही तिच्याबरोबर बसून तपासा.

आता शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. या शहरात दोन प्रकारचे सायकलस्वार आहेत. एक रविवारी पहाटे निगडीच्या चौकात जमतो. हेल्मेट, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारी पट्टी. दुसरा तुम्हाला चाकणला दिसेल. सकाळी साडेसहा-सातला, तळेगाव चौकाच्या अलीकडे, कंटेनरच्या रांगेला अंग चोरून जाणारा. हँडलला डब्याची पिशवी, अंगात अजून कंपनीचा शर्ट, मागच्या मडगार्डवरचा तांबडा काचतुकडा कधीच पडून गेलेला. महाळुंग्याहून, खालुंब्र्याहून, निघोज्याहून तो खोलीवर निघालेला असतो. कंत्राटी कामगार. बारा तास उभं राहून आलेला. रविवारच्या सायकलस्वाराला आपण अतिसहनशक्तीचा खेळाडू म्हणतो. या दुसऱ्या माणसाला काय म्हणतो? त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही, दिवा नाही, आणि रस्त्यावर दोन हात जागाही नाही. मी आत्ता तुम्हाला सतरा तासांचा प्रयोग सांगितला. तो प्रयोग कुणाला लागू होतो? फक्त अमेरिका ओलांडणाऱ्याला?

म्हणून या सभागृहातून काही मागण्या करतो. इथे कंपन्यांचे एचआर आणि सेफ्टीचे अधिकारी बसले आहेत. गेटवर हेल्मेट तपासता, ते चांगलंच आहे. पण तिसरी सुटल्यावर ज्याला वीस मिनिटं आडवं व्हायचं आहे, त्याला एक खोली द्या. आधी चहा प्यायला द्या, मग झोपू द्या. चहातलं कॅफिन अंगात भिनायला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच, उठेल तेव्हा तो जागा असेल. सायकलीने येणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला मागचा लाल दिवा द्या. तुमच्या एका शिफ्टच्या नाश्त्याइतकाही खर्च येणार नाही. महापालिका आणि एमआयडीसीने चाकण-तळेगाव रस्त्यावर सायकलसाठी कडेची पट्टी मोकळी ठेवावी. ती रविवारच्या हौशी मंडळींसाठी नको, सातही दिवस साडेसहा वाजता घरी निघालेल्या माणसासाठी हवी.

आणि सायकलवाल्या मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. पुढच्या महिन्यातल्या ३०० ला नाव घातलंय ना? आदल्या रात्री थर्ड असेल तर सुपरवायझरकडे शिफ्ट बदलून मागा. नाही मिळाली तर त्या रविवारी घरीच झोपा, ३०० पुन्हा येईल. आणि राइडला निघणार असाल तर गाडीत दहा-बारा जादा लाल दिवे टाका. जाताना चाकणच्या चौकात पाच मिनिटं थांबा, तिसरीहून येणाऱ्यांच्या सायकलींना ते स्वतःच्या हाताने लावून द्या. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मागच्या टेबलापाशी नाव द्यावं. मी तिथेच उभा आहे.